छोटा ब्रँड, चार वर्षांचं पान

आज सिगारचा धंदा. ओढा असं म्हणत नाहीये हं, फक्त हिशोब बघू.

होझे ओर्लांडो पाद्रोन क्यूबातून मायामीत आले. सुतारकाम करून ६०० डॉलर साठवले आणि १९६४ मध्ये सिगार वळणारा एकच कारागीर घेऊन सुरुवात केली. पुढे निकाराग्वातल्या एस्तेलीत कारखाना टाकला. तो १९७८ च्या बंडाळीत जळाला, त्यांनी परत उभा केला.

पण खरी गोम पुढेच. १९९४ मध्ये आलेल्या त्यांच्या '१९६४ अ‍ॅनिव्हर्सरी' सिगारचं पान चार वर्षं मुरवलेलं. म्हणजे आज मागणी दुप्पट झाली, तरी जादा माल चार वर्षांनी! तोवर पैसा गोदामात अडकलेला. बाहेरचा गुंतवणूकदार इथेच म्हणतो, "दोन वर्षांत काढा ना!" पाद्रोनची कंपनी घरातच राहिली.