शेजाराचा उंबरठा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल समयीं आपण परमेश्वराचे उपकार आठवीत आहों. देऊळ उभें राहिलें, संस्कार लाभले. याबद्दल धन्यवाद गावे तितके थोडेच. परंतु एक प्रश्न विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं: आपल्या श्रद्धेचा सुगंध देवळाच्या भिंतींबाहेर किती गेला?

संत शार्ल द फुको यांचें चरित्र येथें बोधप्रद आहे. हे फ्रेंच धर्मगुरु १९०५ सालीं सहारा वाळवंटांतील तामानरासेत येथें मुसलमान तुआरेग लोकांत जाऊन राहिले. त्यांची भाषा ते शिकले, तिचा मोठा शब्दकोश त्यांनीं रचिला, दारीं आलेल्यास साह्य केलें. १९०७ चा नाताळ त्यांस मिस्सेवांचून काढावा लागला. कारण सोबतीस एकहि ख्रिस्ती नव्हता, व एकट्यानें मिस्सा अर्पिण्याची परवानगी तोंवर मिळाली नव्हती. पुढें जानेवारी १९०८ मध्यें ते मरणोन्मुख झाले. मुलखांत दुष्काळ, तरीहि त्या शेजाऱ्यांनीं शेळ्यांचें थोडथोडें दूध गोळा करून त्यांस पाजलें व त्यांचे प्राण वाचविले. देणारा तो घेणारा झाला, तेव्हां नातें खरें जुळलें. १ डिसेंबर १९१६ रोजीं हल्लेखोरांच्या गोळीनें त्यांचा अंत झाला. त्यांच्या हातून ख्रिस्ती झालेले जवळजवळ कोणी नव्हते. तथापि १५ मे २०२२ रोजीं पवित्र सभेनें त्यांस संतपद दिलें.

आमचा एक दोष येथें सांगतों. देवळामागें राहणाऱ्या एका वृद्ध हिंदु बाईंच्या दारावरून आम्ही वर्षभर गेलों. नमस्काराखेरीज कधीं बोललों नाहीं. आम्ही तापानें पडलों, तेव्हां पेजेचें भांडें घेऊन प्रथम त्याच आल्या. वर्षभर शेजारधर्माचा उपदेश आम्हीं केला, आचरिला त्यांनीं. ती पेज घेतांना आम्हांस लाज वाटली.

बंधूंनो, दया हें माणसें धरण्याचें जाळें नव्हे. हेतु धरून केलेली दया शेजारी तत्काळ ओळखतो. श्रद्धा हें परमेश्वराचें दान. तें देणें त्याच्या हातीं. प्रेम करणें मात्र आमच्या हातीं आहे. आणि ‘तुम्ही असे कां वागतां?’ असें कोणी पुसल्यास प्रभूचें नांव सांगण्यास आपण कचरूं नये.

या महोत्सवी वर्षांत प्रत्येक कुटुंबानें एक अनोळखी उंबरठा ओलांडावा. नुसतें देण्यास नव्हे, घेण्यासहि. प्रभु येशूनेंहि विहिरीपाशीं शोमरोनी स्त्रीजवळ प्रथम पाणीच मागितलें.

पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपणां सर्वांस ही नम्रता देवो. आमेन.