सांधा कोठे ठेवावा?

हुबळी हे रेल्वेचे शहर आहे. सदर्न मराठा रेल्वेची स्थापना १८८२ साली झाली. तिची मुख्य कचेरी धारवाडास होती आणि कारखाना हुबळीस. आज नैर्ऋत्य रेल्वेचे ठाणेही हुबळीतच आहे. वाघिणीत कापूस भरला आहे, मिरची भरली आहे की कोळसा, हे इंजिनाला कळण्याचे कारण नसते. चाकांमधील अंतर जुळले आणि एका डब्याची कडी दुसऱ्यात अडकली की गाडी चालते. ते जुळले नाही म्हणजे काय होते, हे मिरज स्थानकाने पुष्कळ वर्षे अनुभवले. पुण्याहून मिरजेपर्यंतचा मार्ग १९७१ साली रुंद झाला, परंतु मिरजेच्या दक्षिणेचा मार्ग १९९०च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला. तोवर बोचकी उचलून गाडी बदलणे प्रवाशांच्या कपाळी होतेच.

याच शहरात आता तरुण प्रोग्रामर एकत्र जमतात आणि निराळ्या प्रकारच्या वाघिणींची चर्चा करतात. विद्यानगरातले, १९४७ साली निघालेल्या बी. व्ही. बी. महाविद्यालयातून वाढलेले तंत्रविद्यापीठ, २०१६ साली सुरू झालेली धारवाडची आय. आय. टी. आणि देशपांडे स्टार्टअप्ससारखे केंद्र यांमुळे असा वर्ग येथे निर्माण झाला आहे. चर्चेचा विषय असतो एखाद्या उद्योगाचा सारा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर. खरेदी, साठा, बिले, पगार, हिशेब हे सर्व एकाच अजस्र प्रोग्रामात कोंबावयाचे, की त्याचे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, करावयाचे? सुटे भाग करावेत, याविषयी फारसा मतभेद नसतो. खरा वाद पुढे आहे. कापावयाचे कोठे?

सहज सुचणारे उत्तर असे की, कामाच्या पायऱ्यांप्रमाणे कापावे. अडत्याच्या पेढीचे उदाहरण घ्यावे. माल आला, तोल झाला, लिलाव झाला, हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याची पट्टी केली, पैसे दिले. पाच पायऱ्या, म्हणून पाच मॉड्यूल. हे उत्तर फसवे आहे, असे डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ सालच्या एका निबंधात दाखवून दिले. त्याने उदाहरण घेतले ते एका साध्या शब्दसूचीचे. ओळी वाचावयाच्या, प्रत्येक ओळीतील शब्द फिरवावयाचे, वर्णानुक्रम लावावयाचा आणि छापावयाचे. पायऱ्यांप्रमाणे भाग पाडले, तर ओळी संगणकाच्या स्मरणात कशा ठेवल्या आहेत हे जवळजवळ प्रत्येक भागाला ठाऊक असावे लागते. ती रीत बदलली की सारेच भाग उघडावे लागतात. म्हणून त्याने सांगितले की, जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एकेका मॉड्यूलच्या पोटात दडवावा आणि बाहेर फक्त कडी ठेवावी.

या शहराच्या नावाचेच पाहा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी ते सरकारदरबारी हुब्बळ्ळी झाले. ज्या प्रोग्रामात शहराचे नाव एकाच ठिकाणी नोंदलेले होते, तेथे ही एका ओळीची दुरुस्ती होती. जेथे ते बिलाच्या मथळ्यात, पत्त्यात आणि अहवालात निरनिराळे लिहिलेले होते, तेथे शोधाशोध. पण नाव चुकले तर फार तर हसे होते. कर चुकला तर दंड होतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. हुबळीचा माल गदगला गेला तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर, सांगलीला गेला तर एकच एकात्मिक कर, असा भेद आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांचे टप्पेही बदलले. कराची टक्केवारी ज्यांच्या बिलात, साठ्यात आणि विवरणपत्रात विखुरलेली होती, त्यांना प्रत्येक वेळी प्रोग्रामरची वाट पाहणे प्राप्त होते.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या इआरपीनेक्स्ट या प्रणालीचा दाखला येथे बोधप्रद आहे. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो. भारतीय कराचे नियम आरंभी या प्रणालीच्या गाभ्यातच होते. २०२२ साली आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ते बाहेर काढून एका वेगळ्या जोडप्रणालीत ठेवण्यात आले. कायदा सरकारच्या पंचांगाप्रमाणे बदलतो, जमाखर्चाचे मूळ तत्त्व बदलत नाही. तेव्हा दोघांचा संसार वेगळा असणेच बरे.

मात्र विभागणीचाही हव्यास जडतो, आणि सध्या तो फार जडला आहे. तीन माणसांची पेढी आपल्या प्रोग्रामाचे वीस तुकडे करते, प्रत्येक तुकडा वेगळ्या यंत्रावर चालवते, आणि मग एक बिल निघण्यासाठी वीसही जणांनी जागे असावे लागते. प्रत्येक सांध्याला वंगण लागते, हे रेल्वेच्या कारखान्यातील कोणताही फिटर सांगेल. मेल्विन कॉन्वे याने १९६८ साली नोंदविले होते की, संस्थेत माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशीच रचना त्यांनी घडविलेल्या यंत्रणेची होते. शेकडो माणसांच्या कंपनीला जे तुकडे शोभतात, ते एका बाकावर बसणाऱ्या तिघांना कशासाठी? बंगळूर-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांची नक्कल येथे नडते.

अशा मेळाव्यांत फळ्यावर चौकोन काढले जातात, बाण जोडले जातात, भाषांची आणि साधनांची तुलना होते. ते आवश्यकच आहे. परंतु कोणत्या चौकोनातला निर्णय आधी बदलणार, हे फळ्यावरून कळत नाही. हमालीचा दर कधी वाढतो, उधारीची मुदत कोणासाठी सैल होते, पट्टीवर कोणती वजावट आज आहे आणि उद्या नसेल, हे अमरगोळच्या बाजारआवारातील एखाद्या पेढीच्या दिवाणजीला विचारावे लागते. आवक संपून लिलाव आटोपला की तो मोकळा असतो.