आक्का उठल्या तर गाणं बरोबर

संध्याकाळची गडबड आहे, कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणाचं दूध अजून डेअरीला जायचं असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान तेवढा इकडे द्या. आम्ही कऱ्हाड आणि वाळवा तालुक्यांतल्या, म्हणजे सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरच्या बचत गटांच्या बाया. बोलणारी एक असली तरी बोलणं सगळ्यांचं आहे. आज कर्ज, व्याज, वसुली असलं काही काढणार नाही. आज बोलायचं आहे वाढदिवसाला कुठलं गाणं लावावं, याबद्दल. हसू नका. या गाण्यावरून आमच्या गटात जेवढी भांडणं झाली, तेवढी थकबाकीवरून झाली नाहीत.

सुरुवात झाली आधार कार्डावरून. बँकेत खातं उघडायला सगळ्यांच्या झेरॉक्स गोळा केल्या, तर अकरा जणींमधल्या सात जणींची जन्मतारीख 1 जून! तुमच्याही घरात असं कुणीतरी असणार. पूर्वी घरात बाळंतपण व्हायचं, तारीख कुणी लिहून ठेवायचं नाही. पोर शाळेत घालायला नेलं की शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून गुरुजी 1 जून टाकून मोकळे. एक काकू म्हणाल्या, "आमचा कसला वाढदिवस बया? मास्तरनं लिवलाय त्यो." आम्ही म्हटलं, लिहिलाय ना? मग करूया की साजरा. सात जणींचा एकदम. केक एक, फुगे एकदाच, खर्च वाटून.

लेकरांचे वाढदिवस आपण करतो. नवऱ्याच्या वाढदिवसाला गोडधोड करतो. स्वतःच्या वाढदिवसाला ओवाळून घेतलेलं किती जणींना आठवतं? आमच्या सात जणींपैकी एकीलाही आठवत नव्हतं. म्हणून तो दिवस साधा नव्हता.

पहिल्या वर्षी आम्ही फसलो. गावातली पोरं म्हणाली, "काकू, आवाजाची काळजी करू नका, आम्ही बघतो." त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत स्पीकर रचून आणले आणि समाजमंदिराच्या दारात लावले. पहिला ठोका पडला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. आम्ही एकमेकींच्या कानात ओरडून बोलत होतो. एका आजीचा जीव घाबरा झाला, त्यांना बाहेर लांब नेऊन पाणी पाजलं. नाचलं कोण? पोरं नाचली. ज्यांचा वाढदिवस, त्या सात जणी आत बसून कागदी बशीत केक वाढत होत्या.

घरी आल्यावर आम्ही विचार केला, की आवाज एवढा होता आणि मजा एवढीशी कशी? शिवाय ते नियमातही बसत नव्हतं. 2000 सालापासून देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीची 100 मीटर जागा शांततेची. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आपण नेहमीचं बोलतो तोच आवाज साठच्या आसपास जातो, मग ट्रॉलीभर स्पीकरचं काय सांगावं! 2023 च्या गणेशोत्सवात आपल्या सांगली जिल्ह्यात मिरवणुकीतल्या डीजेच्या दणक्यानंतर दोन तरुण दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या. पहिल्या वाढदिवसाला घरातलं तान्हं लेकरू छातीशी धरून डीजेसमोर उभ्या राहणाऱ्या आयांना आमचं हात जोडून सांगणं आहे, त्या बाळाचा कान अजून कोवळा आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. मोबाइलवर भजनं लावली, मग संथ चालीची जुनी सिनेमाची गाणी. बायांनी डोक्यावर पदर घेतला, भिंतीला टेकल्या, एक जण तर चक्क पेंगली. केक कापताना "हॅपी बर्थडे" म्हटलं, तेही ओढत ओढत. शेवटी एक वैनी म्हणाली, "वाढदिवस हाय का तेरावा?" आम्ही हसलो, पण ते खरं होतं.

त्या "हॅपी बर्थडे"ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती चाल अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या दोन बहिणींची. एक पॅटी हिल, बालवाडीची शिक्षिका, आणि दुसरी मिल्ड्रेड हिल, संगीत जाणणारी. 1893 मध्ये त्यांचं गाणं छापलं गेलं, तेव्हा ते सकाळी वर्गात मुलांना नमस्कार घालायचं गाणं होतं. वाढदिवसाचे शब्द त्या चालीवर नंतर बसले. म्हणजे आपल्या अंगणवाडीच्या ताईंसारख्याच एका बाईंचं हे गाणं जगभर गेलं. गाणं चांगलंच आहे, म्हणूच नये असं नाही. पण ते तीन-तीन मात्रांचं, अर्ध्या मिनिटात संपणारं. केक कापायला पुरतं, पाय उचलायला पुरत नाही.

मग तिसऱ्या वर्षी आम्ही आधी बैठक घेतली. एकच प्रश्न ठेवला, कुठलं वाजवलं तर तुम्ही बसल्या जागेवरून उठाल?

उत्तरं ऐकून आम्हीच चकित झालो. कुणी म्हणालं, पंचमीच्या फेराची गाणी. कुणी म्हणालं, झिम्मा. माणकडून लग्न होऊन आलेली एक सून म्हणाली, "आमच्याकडं गजी नाचत्यात, त्यो ढोल ऐकला की ऱ्हावत न्हाई." एक जण हळूच म्हणाली, "लावणी." लगेच दुसरी म्हणाली, "शोभतं का?" त्यावर अर्धा तास वाद झाला. आम्ही त्यांना आठवण करून दिली, की ज्यांच्या लावण्यांनी महाराष्ट्र डोलला ते पठ्ठे बापूराव इथलेच, रेठरे हरणाक्षचे. शाहीर अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. एवढा ठेका आपल्या मातीत पिकला आणि आपण वाढदिवसाला स्पीकर भाड्याने आणतो! शेवटी ठरलं, की जिचा वाढदिवस तिनं सांगायचं. ती लावणी म्हणाली तर लावणी, अभंग म्हणाली तर अभंग. बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही.

आणि हलगी सांगायची ठरली.

आता दारातल्या आक्कांबद्दल सांगतो. नाव सांगत नाही. वय साठीच्या पुढं. मालक जाऊन वीसेक वर्षं झाली. गटाचा हिशेब तोंडपाठ, हप्ता कधी चुकला नाही, पण हळदीकुंकू असो, वाढदिवस असो, आक्का दाराशी बसायच्या. ओवाळायला पुढं येत नव्हत्या, ओवाळूनही घेत नव्हत्या. सातजणींमधल्या त्याही एक, 1 जूनच्याच. म्हणायच्या, "मला चालत न्हाई. माझ्यासाठी एखादा अभंग लावा, झालं." दोन वर्षं आम्ही तो लावला. त्यांना तो आवडतो म्हणून त्या सांगतात की तेवढाच मागायची परवानगी आहे म्हणून, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ही चूक आमची.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. लगोलग 17 मे 2022 ला शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कागद झाला. पण कागदानं बाई दारातून उठून मध्ये येत नाही, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं.

1 जूनला आभाळ भरून आलं होतं. हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, म्हणून हलगीवाल्या मामांनी आल्या आल्या उसाचं वाळलं पाचट पेटवलं आणि हलगी शेकली. बोटानं टिचकी मारून बघितली. टण्ण! एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी, आणि ठेका सुरू झाला. आवाज मोठा होता, पण कानाशी बोलता येत होतं. आधी फुगडी झाली. मग झिम्मा. मग शाळेतून आणलेल्या लेझीम काढल्या. लेझीम म्हणजे आपल्या सांगलीची शान. 1982 मध्ये दिल्लीला आशियाई खेळ झाले, तेव्हा उद्घाटनाला सांगलीचे सुमारे 400 जण लेझीम खेळले होते.

आम्ही बघितलं तर दारात बसलेल्या आक्कांचा पायाचा अंगठा हलत होता. मग पाऊल हलायला लागलं. सुनेनं विचारलं, "आत्याबाई, येतं का तुम्हाला?" आक्का म्हणाल्या, "चौथीत असताना पुढं मीच असायची." सुनेनं लेझीम त्यांच्या हातात दिली. आक्का उठल्या. पदर खोचला. आणि मैत्रिणींनो, पन्नास वर्षांनी त्या बाईंचा एक ठोका चुकला नाही! वाकून, उठून, डावीकडं, उजवीकडं. मामांनी त्यांच्याकडं बघून हलगी जलद केली, आक्का तशाच जलद झाल्या. नंतर त्याच सुनेनं त्यांना पाटावर बसवून ओवाळलं. सातही जणींना एका ओळीत.

सगळं गोड झालं असं सांगून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. गावात चर्चा झाली. आक्कांच्या मुलाला पारावर कुणीतरी टोमणा मारला, तो घरी येऊन चिडला. पुढच्या दोन बैठकांना आक्का आल्या नाहीत. आम्ही चौघी घरी गेलो. मुलाशी भांडलो नाही. चहा घेतला आणि त्याला एवढंच विचारलं, "बाबा, तुझी आई शाळेत लेझीम खेळायची हे तुला ठाऊक होतं का?" त्याला ठाऊक नव्हतं. तो बराच वेळ गप्प बसला. तिसऱ्या बैठकीला आक्का आल्या, पासबुक पुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "औंदा हलगी आधीच सांगून ठेवा. जूनमधी मामा लग्नात अडकत्यात."

आणखी एक गोष्ट राहिली. पूर्वी हलगी वाजवणाऱ्याला दाराबाहेर उभं करायचे, पसाभर धान्य द्यायचे. आम्ही ठरलेलं मानधन रोख दिलं, गटाच्या वहीत लिहिलं, आणि मामा आमच्याच पंगतीत जेवले. ज्यांच्या ठेक्यावर आपण नाचतो त्यांना ताट बाहेर देऊन कसं चालेल? यावरही दोघी-तिघी कुरकुरल्या. पण पंगत एकच झाली.

आता तुमच्याकडं वाढदिवस असेल तर आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, गाणी आधी ठरवा, आणि जिचा किंवा ज्याचा वाढदिवस त्याला विचारून. म्हाताऱ्या माणसालाही विचारा. त्यांना अभंगच आवडणार असं धरून चालू नका.

दोन, गाणं निवडताना टाळी वाजवून बघा. दोन ओळी ऐकून टाळी आपोआप पडली, तर ते गाणं चालेल. टाळी शोधावी लागली, तर ते गाणं जेवणाच्या वेळी लावा. आपली बरीचशी लोकगीतं आठ मात्रांच्या केरव्यात असतात, म्हणून पाय लगेच सापडतो.

तीन, एकदम जोरात सुरू करू नका. आधी ओवी किंवा पाळणा, त्यात ओवाळणं उरकतं. मग फेर, झिम्मा, फुगडी. शेवटी हलगी, लेझीम. गुडघे दुखणाऱ्यांना बसफुगडीचा आग्रह करू नका, त्यांच्या हातात टाळ द्या.

चार, शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर आवाज कमी करा. आणि रात्री दहाच्या आत आटपा, सकाळी शेतावर जायचंच आहे.

लेकरांच्या वाढदिवसालाही हेच. आमच्या एका वैनीनं मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला डीजे रद्द केला आणि पोरांच्या हातात ताटल्या, चमचे, डबे दिले. आजोबांनी टाळ घेतला. पोरगा अजून विचारतो, परत वाढदिवस कधी?

तुमच्या गावात कुणाला जुनी फेराची गाणी येत असतील, तर आम्हाला जरूर कळवा. आपण या रेडिओवरून ती ऐकवू. आणि आज घरात नीट बघा, दाराशी कोण बसलंय आणि त्यांचा अंगठा कुठल्या गाण्याला हलतो. नमस्कार.