खिशांतली चूल

सह्याद्रींतील गडांवर पायीं हिंडणाऱ्या कांहीं तरुणांच्या पाठपिशवींत हल्लीं एक चिमुकली चूल आढळते. शीतपेयाच्या दोन रिकाम्या ॲल्युमिनियमच्या डब्यांतून ती घरींच करतां येते, आणि तिचें वजन सुमारें 15 ग्रॅम भरतें.

तिचें मर्म एवढेंच, कीं द्रव जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ. पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनीं पेटविला असेल, त्यांस हें निराळें सांगावयास नको. स्पिरिटांत भिजविलेल्या काकड्यानें आधीं नळी तापवावी लागे. ती नीट न तापली, तर वाफेऐवजीं रॉकेलच उसळून येई.

दोन्ही डब्यांचीं बुडें सुमारें तीन सेंटिमीटर उंचीवर कापावीं. कापलेला पत्रा सुरीसारखा असतो, म्हणून हातमोजे घालावे. उरलेल्या पत्र्याच्या पट्टीचें कडें करून तें एका बुडाच्या खोबणींत उभें करावें, व स्पिरिट जाण्यापुरत्या दोन-तीन खांचा त्याच्या खालच्या काठास ठेवाव्या. दुसऱ्या बुडाचा मध्यभाग काढून कडेनें टांचणीनें सोळा छिद्रें पाडावीं, आणि तें पालथें घालून पहिल्यांत घट्ट बसवावें. कडें वर-खालीं दोन्ही खोबणींत बसलें पाहिजे.

मधल्या खळग्यांत 30 मिलिलिटर स्पिरिट ओतून पेटविलें, कीं थोड्या वेळानें दोन भिंतींमधील स्पिरिट 78 अंशांच्या सुमारास उकळूं लागतें, वाफ छिद्रांवाटे निघते आणि निळ्या ज्योतींचें वर्तुळ उमलतें. मगच तारेच्या तिवईवर भांडें ठेवावें. वारा आडविला व झांकण ठेवलें, तर एवढ्यांत अर्धा लिटर पाणी उकळतें.

मात्र वजनास वजन धरतां स्पिरिटाची उष्णता रॉकेलच्या दोन-तृतीयांशाहूनहि कमी असते. दोन दिवसांच्या फेरीस ही चूल उत्तम. लांबच्या प्रवासांत चुलीनें वांचविलेलें वजन बाटली परत घेते.

आतां सर्वांत महत्त्वाचें. स्पिरिटाची ज्योत उन्हांत जवळजवळ दिसत नाहीं. चूल विझली असें समजून जो वरून स्पिरिट ओततो, त्याच्या हातांतली बाटलीच पेटते. म्हणून चूल पूर्ण थंड झाल्यावांचून पुन्हां भरूं नये. तंबूंत ती लावूं नये. तेथें विषारी वायु सांचतो. पावसाळ्यानंतर गडावरचें गवत वाळतें. तें दूर सारून उघड्या खडकावरच ती मांडावी. चूल विझवितांना वर मोठा डबा पालथा घालावा. हवा तुटली, कीं ज्योत विझते.

मुलांनीं ही चूल अवश्य करावी, पण पेटवितांना घरांतील वडील माणूस जवळ असावें.