ग्रामपंचायत, ग्रामसभा आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनी साखरखेर्डा येथे झालेले भाषण)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला ग्रामपंचायत आणि वस्तीतील विकासकामे या विषयावर बोला म्हणून सांगितले. विषय कोरडा आहे. वर्धापन दिनाला माणसं भीमगीतं ऐकायला येतात, नालीवरचं भाषण ऐकायला नाही, हे मला ठाऊक आहे. पण थोडा वेळ द्या. आपल्या समाजाच्या लढ्याची सुरुवातच पाण्याच्या एका ठरावापासून झालेली आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाणी मिळाले काय? नाही. तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा ओंजळीत पाणी आले. पुढे त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. म्हणजे ठराव ते हक्क या वाटेवर तेरा वर्षे गेली. ही गोष्ट मी इतिहास म्हणून सांगत नाही. ग्रामपंचायतीचे काम कसे चालते, त्याचा हा पहिला धडा आहे म्हणून सांगतो. ठराव ही सुरुवात आहे, काम नव्हे.

दुसरी गोष्ट. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीचे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. काहून केला? गावाचा कारभार गावाच्या हाती द्यायचा, पण त्यात आमच्या माणसाला हक्काची जागा नसेल तर तो कारभार आमच्यावरच चालेल, हे त्यांना दिसत होते. ती हक्काची जागा देशभर मिळायला १९९३ साल लागले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींना आणि किमान एक तृतीयांश महिलांना पंचायतीत जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांच्या जागा निम्म्या झाल्या. म्हणून सांगतो, आपल्या वस्तीतून निवडून गेलेला सदस्य किंवा सदस्या ही कुणाची मेहरबानी नाही. त्या खुर्चीत बसून नुसती सही करणे, किंवा बाईच्या नावाने नवऱ्याने कारभार करणे, हा त्या खुर्चीचा अपमान आहे.

आता पैशाचे बोलू. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च व्हायला पाहिजेत. त्याशिवाय ज्याला आपण दलित वस्ती सुधार योजना म्हणतो ती आहे. वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे तिचा निधी ठरतो. रस्ता, नाली, पाणी, दिवे, समाजमंदिर ही कामे त्यात बसतात. पण वस्तीच्या पंचवार्षिक आराखड्यात कामाचे नाव नसेल, तर नंतर कितीही बोंब मारा, उपयोग नाही. घरासाठी २००८ पासून रमाई आवास योजना आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतही २०२१ पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यासाठीच बांधून दिली होती. २०१९ च्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट तर घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असे आहे.

मग सगळीकडे कामं पूर्ण का दिसत नाहीत? योजना कमी नाहीत, बंधूंनो. ग्रामसभेत माणसं कमी आहेत. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी ती ग्रामसभेची गणपूर्ती. तितकी माणसंसुद्धा जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग पाच-पंचवीस माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. त्या दिवशी आपण मजुरीला गेलेले असतो. मजुरी बुडते हे खरे आहे, रोज कमावून खाणाऱ्याला ते सोपे नाही. म्हणून घरटी एक जण तरी जाईल अशी पाळी लावा. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. पाणी भरणारी बाईच सांगू शकते की नळ कुठे पाहिजे. तिथे आमच्या मायमाउल्यांनी बोलले पाहिजे.

एक कडू बोलतो, राग मानू नका. कित्येक वस्त्यांत आपण कमानीसाठी भांडतो आणि कमानीखालून घाण पाणी वाहते. समाजमंदिर बांधून घेतो आणि त्याला कुलूप लावून ठेवतो. बाबासाहेबांचे नाव जिथे लिहिले, तिथल्या लेकरांना डेंग्यू होत असेल तर ते नाव शोभते काय? आधी नाली, मग कमान. आणि समाजमंदिराची चावी अभ्यास करणाऱ्या पोरापोरींकडे द्या.

काम सुरू झाले की इस्टिमेट मागा. रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी त्यात लिहिलेली असते. टेप घेऊन मोजायला दहावी झालेला पोरगा पुरे. २०२४ पासून ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांनी कागद दाखवला नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांची मुदत आहे. भांडण न करता, सभ्य भाषेत, पण लेखी मागा. त्याचबरोबर घरपट्टी आणि पाणीपट्टी आपणही भरली पाहिजे. पावती खिशात असली की आवाज चढवावा लागत नाही.

तथागतांनी वज्जींबद्दल सांगितले होते की ते वारंवार एकत्र जमतात, एकमताने बसतात, एकमताने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही. आपले साखरखेर्डा इतिहासात १७२४ च्या लढाईमुळे नोंदले गेले. तलवारीची ती लढाई राजे-सरदारांची होती. आजची लढाई वहीची, टेपची आणि हजेरीची आहे, आणि ती आपली आहे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे वस्तीच्या कामांची वही वाचा. कोणते काम मंजूर, कोणते सुरू, कोणते अडले, एवढेच. पुढच्या वर्धापन दिनी ती वही इथे व्यासपीठावर ठेवा, म्हणजे भाषणाची गरज पडणार नाही.



नमो बुद्धाय! जयभीम!