‘मोफत’ या शब्दाचा हिशेब
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



शासनाच्या कल्याणकारी योजनांविषयी बोलताना ‘मोफत’ हा शब्द वारंवार येतो. परंतु उपचार मोफत मिळाले म्हणून त्यांचा खर्च नाहीसा होत नाही. तो दुसरा कोणीतरी उचलत असतो. तो कोण, हे उघडपणे सांगणे हे योजनेच्या प्रामाणिकपणाचे पहिले लक्षण होय.

महाराष्ट्राने हे पूर्वी करून दाखविले आहे. वि. स. पागे यांच्या चिंतनातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्यात १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील नोकरदाराच्या वेतनातून कापलेला पैसा दुष्काळी भागातील मजुराच्या हाताला काम देऊ लागला. भार कोणावर आणि कशासाठी, हे स्पष्ट होते.

आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांनाही हाच न्याय लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य, तर आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या असतात. त्यासाठी रुग्णांच्या बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. म्हणजे १ लाख रुपयांच्या बिलामागे २ हजार रुपये. अशी ५० बिले झाली, की १ लाख रुपये खर्चाच्या एका निर्धन रुग्णाची सोय होते. येथे बसलेल्या अनेक कुटुंबांनी नकळत हा वाटा उचलला आहे. त्यांचे ऋण आज जाहीरपणे मान्य केले पाहिजे.

योजनेला किंमत असते, तशी मर्यादाही असते. उत्पन्नाची अट कडक ठेवली, तर कागदपत्रे जमवू न शकणारा खरा गरजू वगळला जातो. सैल ठेवली, तर ऐपतदार त्याची खाट अडवितो. रेषा कोठेही आखली, तरी तिच्या किंचित वर असलेले कुटुंब उरतेच. एक मोठे आजारपण त्या कुटुंबाला रेषेखाली ढकलते. उत्पन्नाचा दाखला मात्र मागील वर्षाचेच आकडे सांगतो.

दुसरी निवड अधिक कठीण आहे. २०१२ साली राज्यात सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना, जी पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि २०१८ सालची आयुष्मान भारत योजना, या दोहोंचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. या योजनांनी अनेक घरांची जमीन व दागिने वाचविले, हे निःसंशय. परंतु मधुमेहाची वा रक्तदाबाची रोजची गोळी बहुतांशी त्यांच्या कक्षेबाहेर राहते. ती गोळी पैशांअभावी चुकते, आणि काही वर्षांनी तोच रुग्ण डायलिसिससाठी दाखल होतो. तेव्हा योजना त्याचा खर्च देते. गेलेले मूत्रपिंड परत देऊ शकत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी, की शासनाची योजना जेथे थांबते तेथे आपल्या दानाने उभे राहावे. देणग्यांचा काही भाग रेषेच्या किंचित वर असलेल्या कुटुंबांसाठी आणि नियमित औषधांसाठी राखून ठेवावा, आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी याच अहवालात छापावा. तसे केल्यास इमारतीच्या विस्तारासाठी काही रक्कम कमी पडेल, हे मी जाणतो. तरीही हा त्याग आपण विचारपूर्वक करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.