किंगरीवरील राजवंश

राजांचा इतिहास बखरकारच लिहितो असें नाहीं. रिक वेकमन या इंग्रज वादकानें १९७३ सालीं आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवर पियानो, ऑर्गन आदि वाद्यांची ध्वनिमुद्रिका काढली. प्रत्येक राणीस एक स्वतंत्र रचना. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत हेंच कार्य परधानांच्या किंगरीनें पिढ्यान् पिढ्या केलें. तीन तारांच्या त्या गजवाद्यावर परधान आपल्या गोंड यजमानांस कुळांच्या व राजांच्या कथा ऐकवीत आले. १७५१ मध्यें चांद्याचें गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. राणी हिराईनें बांधविलेली बीरशहाची समाधि चंद्रपुरांत आजहि उभी आहे. परंतु दगड श्रोत्यावांचून टिकतो, किंगरी टिकत नाहीं. ज्या घरून परधानास बोलावणें जात नाहीं, त्या घरचा इतिहास मुका होतो.